कपबशी, केमिस्ट्री आणि रविराजचं पोट

पेपरच्या आदल्या रात्री दौंडच्या खोलीवर न थांबता गावी जायचं, असं रविराजनं ठरवलं आणि तिथंच सगळा घोळ झाला.

ठरवायला कारण होतं. दौंडला तो राहायचा तिथं अकरा पोरांत एक संडास. त्याची कडी आतून लागत नव्हती, म्हणून आत बसलेल्यानं एका हातानं दार धरायचं आणि मोठ्यानं गाणं म्हणत राहायचं, असा तिथला कायदा होता. धडधाकट माणसाला यात गंमत वाटेल. पण ज्याला सकाळपासून पोटाची चार-चार बोलावणी येतात, त्यानं गाणी तरी किती पाठ करायची? (एकदा तर रविराजची सगळी गाणी संपून तो राष्ट्रगीतावर आला होता, आणि बाहेर रांगेतली पोरं सरळ उभी राहिली होती.) गावी घरचा संडास होता. टाइल्स लावलेला, भक्कम कडीचा. पेपर दुपारी. सकाळी घरी निवांत मोकळं व्हायचं, आईच्या हातचा मऊ भात खायचा आणि वडिलांच्या मोटरसायकलवर मागं बसून दौंड गाठायचं. यात त्याचं काय चुकलं, सांगा बरं!

चुकलं एवढंच, की पेपरच्या दुसऱ्या दिवशी गावच्या विकास सोसायटीचं मतदान होतं. आणि त्यात रविराजचे वडील मारुतराव उभे होते. चिन्ह, कपबशी.

आता रविराजच्या पोटाविषयी थोडं सांगायला हवं. सांगताना लाजायचं कशाला? लाजून लाजूनच तर त्याची ही गत झाली होती. दोन वर्षं त्याचं पोट वाट्टेल तेव्हा दुखायचं, फुगायचं, आणि मग अशी घाई करायचं की माणसाला चप्पल घालायलाही उसंत नाही. शिरूरच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, नळीनं आत कॅमेरा घातला, आणि सगळं बघून सांगितलं, "रिपोर्ट नॉर्मल आहेत. याला आयबीएस म्हणतात. आतडी चांगली आहेत, फक्त स्वभावानं चिडकी आहेत."

"मंग ती आईवर गेली," मारुतराव म्हणाले.

रविराजच्या आईनं, अनिताबाईंनी, नुसतं नवऱ्याकडं बघितलं. मारुतराव लगेच भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले.

"दूध बंद, चहा बंद, तळकट बंद," डॉक्टर म्हणाले. "आणि मुख्य म्हणजे टेन्शन घ्यायचं नाही."

घ्या! टेन्शन घ्यायचं नाही म्हणे. जसं काही टेन्शन दुकानात मिळतं आणि रविराज किलोकिलोनं घरी आणतो. आणि ते 'नॉर्मल'! त्या एका शब्दानं त्याच्या आयुष्याचं वाटोळं केलं. पाय मोडला असता तर प्लॅस्टर दिसलं असतं, माणसं नारळपाणी घेऊन भेटायला आली असती. मुतखड्याला तर गावात काय मान आहे! खडा पडला की लोक तो बाटलीत घालून आल्यागेल्याला दाखवतात. रविराजनं काय दाखवायचं? रिपोर्ट नॉर्मल म्हणजे पोरगं सोंग करतंय, अभ्यास टाळतंय, मोबाइल जास्त बघतंय, असा गावानं एकमतानं ठराव केला. आणि सूचक होते खुद्द मारुतराव.

मागच्या परीक्षेत फिजिकल केमिस्ट्रीच्या पेपरात तो अर्ध्यातून उठून पळाला आणि विषय राहिला. तेव्हा मारुतरावांनी निर्वाणीचं सांगितलं होतं. "आता पुन्यांदा नापास झालास तर कॉलेज बास. तुझ्या मामाला सांगून सणसवाडीला कंपनीत चिकटवतो. मशीनपुढं हुबा ऱ्हायलास म्हंजी पोट आपसूक गप बसंल." मशीनपुढं बारा तास उभं राहायचं, आणि जायचं झालं तर सुपरवायझरला विचारून! त्या विचारानंच रविराजच्या पोटात कळ यायची. त्याला बीएस्सी व्हायचं होतं, प्रयोगशाळेत नोकरी करायची होती. (प्रयोगशाळेला लागून स्वच्छतागृह असतंच, हे त्यानं बघून ठेवलं होतं.) म्हणजे सगळं या राहिलेल्या एका पेपरावर येऊन ठेपलं होतं. फक्त तीन तास बसायचं होतं.

सकाळी सगळं बेतानुसार झालं. पोट मोकळं, भात खाल्ला, हॉल तिकीट खिशात. आईनं दृष्ट काढली. मारुतरावांनी गाडीला किक मारली आणि वेशीकडं न जाता गाडी उलटी गावात वळवली.

"पप्पा, दौंड तिकडं आहे."

"म्हाईत हाय मला दौंड कुठं हाय ते. तुझा पेपर दुपारी हाय. जाता जाता चार घरी मोठ्या मानसांच्या पाया पड. तुला आशीर्वाद, मला मतं."

पहिलं घर हौशीराम आप्पांचं. एका उंबऱ्यात सात मतं, आणि ती कुणाकडं जाणार हे आप्पांनी अजून आप्पांनासुद्धा सांगितलं नव्हतं. रविराज पाया पडला. आप्पांनी पाठीवर थाप मारली आणि आत आवाज दिला. लगेच चहा आला.

"आप्पा, मला नको. मला चहा चालत नाही."

"चालत न्हाई?"

"डॉक्टरनी बंद केलाय."

आप्पांनी हातातली बशी खाली ठेवली. मारुतरावांकडं बघितलं. "मारुती, काल त्या छत्री चिन्हाची मानसं येऊन गेली. त्यांच्यातल्या एकानंबी चहाला न्हाई म्हनलं न्हाई. आन् तुझं चिन्ह कपबशी, आन् तुझं पोरगंच कपबशी लांब सारतंय! मग आमी उद्या शिक्का कुठं मारायचा, सांग बरं?"

मारुतराव हसले. तोंडानं हसले, डोळ्यांनी रविराजला कच्चा खाल्ला. "आप्पा, लाजतंय हो ते. घेतो की!" आणि दातांतल्या दातांत, "पी."

रविराज प्यायला. एका कपानं काही होत नाही, असं त्यानं पोटाला समजावलं. पोट काही बोललं नाही. (हे वाईट लक्षण होतं. त्याचं पोट ओरडायच्या आधी नेहमी असंच गप्प बसायचं.)

दुसरं घर नदीच्या बाजूला, म्हस्कूमामांचं. मामांच्या वडिलांपर्यंत मेंढरं होती, आता कांदा आणि तीन म्हशी. त्यांच्या सखूबाईंनी तर कमाल केली. "पोरगं परीक्षेला चाललंय, म्हनून पान्याचा थेंब घातला न्हाई बगा! निवळ दुधाचा केलाय!" असं म्हणत पितळी भरून पुढं ठेवली. वर सायीचा जाड थर. मारुतराव आणि मामा सोसायटीच्या कर्जवाटपावर बोलायला लागले, तेवढ्यात रविराजनं सगळा चहा हळूच मागच्या कढीपत्त्याच्या बुडाला ओतला.

सखूबाई वळल्या. "अगं बया, लगीच संपला? आवडला व्हय!" आणि पितळी पुन्हा काठोकाठ भरली. या वेळी त्या समोर मांडी घालून बसल्या आणि शेवटच्या घोटापर्यंत मायेनं त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. अशा मायेला कुठल्या कोर्टात खेचायचं?

चार घरं म्हणता म्हणता किती झाली ते मोजण्यात आता अर्थ नाही. कुठं गुळाचा, कुठं वेलदोड्याचा, कुठं शेळीच्या दुधाचा. प्रत्येक घरी मारुतराव अभिमानानं सांगत, "आमचं पोरगं! कपबशी सोडत न्हाई!" शेवटी एकदाची गाडी दौंडच्या दिशेला लागली.

न्हावरा मागं पडलं, आणि पोट जागं झालं.

दुसऱ्या पोरांना या रस्त्यावर धाबे दिसतात, पोरी दिसतात. रविराजला फक्त आडोसे दिसायचे. कुठल्या पंपाचा संडास उघडा असतो, कुठल्या हॉटेलवाल्याला काही विकत न घेता किल्ली मागता येते, आणि कुठल्या वळणावर रस्त्याला लागून दाट ऊस आहे, हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. चौफुल्याच्या पुढं असलाच एक आठ फुटी ऊस होता. त्या उसावर त्याचा स्वतःच्या माणसावर नसेल एवढा भरवसा होता.

"पप्पा, पुढं उसापाशी थांबा. पटकन थांबा."

मारुतराव थांबले. ऊस नव्हता. गळीत हंगाम सुरू झाला होता आणि सगळं रान भुईसपाट करून ऊस कारखान्याला गेला होता. उरलेल्या पाचटात तोडणीची बायामाणसं भाकरी खात बसली होती. त्यांतल्या एका म्हातारीनं हात वर करून विचारलं, "कोन पायजे?"

काय बोलणार! सगळ्या जगाला गोड साखर पाहिजे, पण रविराजच्या बुडाला आडोसा पाहिजे याचा कुठल्या संचालक मंडळानं कधी विचार केलाय का?

"दम धर जरा," मारुतराव म्हणाले. "पाटसला आपल्या शितलच्या सासरी जाऊ."

शितल ही रविराजची चुलत बहीण. पाटस येईपर्यंत रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक रविराजच्या थेट आतड्यांवरून गेला. शितलचं घर समोर दिसायला लागलं, आणि मारुतरावांनी गाडी थांबवली. किराणा दुकानापुढं.

"पप्पा! इथं काय?"

"आरं, लेकीच्या घरी मोकळ्या हातानं कसं जायचं? बिस्किटाचा पुडा तरी घेऊ."

"पप्पा, मला होत नाहीये हो!"

"तुला न्हाई व्हत, पन ती मानसं काय म्हंतील? म्हंतील, संडासाला तेवढं आलं आन् पोरीला काय आनलं न्हाई." आणि दुकानदाराकडं वळून, "केळी कशी दिली? न्हाई, ती नकोत, पिकलेली दाखवा."

मारुतराव केळ्यांचा भाव करत असताना रविराजनं काय सोसलं ते लिहायला नको. शेवटी तो गाडी, वडील, केळी सगळं तिथंच सोडून गुडघे आवळून पळाला, शितलच्या सासूबाईंना पळता पळताच नमस्कार केला आणि आत घुसून कडी लावली.

बाहेर आला तेव्हा जग सुंदर झालं होतं. शितल ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमध्ये चहा.

"ताई, नको गं," तो कळवळून म्हणाला.

"घे रे," शितल हळूच म्हणाली. डोळे सासूकडं. "तू असाच गेलास तर यांना वाटंल, माझं माहेर नुसतं संडास वापरून गेलं. मला पुढं वर्षभर ऐकावं लागंल."

आता बोला! ज्या चहामुळं त्या घरात पळत यावं लागलं, तोच चहा पिऊन त्या घराचे उपकार फेडायचे. हा न्याय कुठल्या पुस्तकात लिहिलाय? पण बहिणीच्या संसाराचा प्रश्न होता. रविराजनं डोळे मिटून कप रिकामा केला.

पेपर सुरू व्हायला थोडाच वेळ असताना तो कॉलेजात पोचला. मारुतराव फाटकाबाहेर वॉचमनशेजारी बसले आणि त्याला सोसायटीचं राजकारण समजावून सांगू लागले. रविराजला वर्गात शेवटून दुसरा बाक मिळाला, म्हणजे दारापासून चांगलाच लांब. सुपरवायझर रुपाली मॅडम. कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी येताच सांगितलं, पहिला अर्धा तास कुणी जागचं हलायचं नाही.

प्रश्नपत्रिका बघितली आणि रविराजला रडूच यायचं राहिलं. सगळं येत होतं! एकूण एक प्रश्न! वर्षभर पोट धरून केलेल्या अभ्यासाचं सोनं व्हायची वेळ आली होती. त्यानं लिहायला घेतलं. पहिला प्रश्न सुटला. दुसरा अर्धा झाला. आणि पाटसचा चहा दौंडला पोचला.

अर्धा तास संपायची त्यानं कशी वाट बघितली ते त्याचं त्याला माहीत. संपताच हात वर केला. "मॅडम, बाहेर जायचंय."

"बसा खाली. एवढ्यात?"

"अर्जंट आहे, मॅडम."

मॅडम जवळ आल्या. त्याचा घामेजलेला चेहरा बघितला आणि अनुभवी माणसासारख्या हसल्या. "काय ठेवलंय तिथं? कुठल्या खिडकीत? मला सगळं माहीत आहे हं. खिसे उलटे करा. बाह्या वर करा."

त्यानं खिसे उलटे केले, बाह्या वर केल्या. रुमाल झटकून दाखवला.

"मोजे काढा."

आणि इथं रविराजचं डोकं सटकलं. दोन वर्षं तुंबलेलं सगळं एकदम वर आलं. (नशीब, वरच आलं.)

"नाही काढत!" तो ताडकन उभा राहिला. "मॅडम, मला आजार आहे! आयबीएस! दिवसातनं सहा वेळा जावं लागतं मला! तिथं काय ठेवलंय विचारता? तिथं माझी दोन वर्षं ठेवलीत! गावात लोक म्हणतात सोंग करतो. घरचे म्हणतात मोबाइलमुळं होतंय. डॉक्टर म्हणतात नॉर्मल आहे. कुणी म्हणतं ताक पी, कुणी म्हणतं दूध पी, कुणी म्हणतं लग्न कर! आज सकाळपासून मला सगळ्यांनी चहा पाजलाय, आणि माझा बाप सोसायटीला उभा आहे म्हणून मी तो प्यायलोय! मला हा पेपर येतोय, मॅडम! अख्खा येतोय! मला फक्त दोन मिनिटं संडासात जाऊ द्या. याच्यात मी काय गुन्हा केला?"

पुढच्या बाकावरची हर्षदा, जिच्याशी बोलायला तो वर्षभर मुहूर्त शोधत होता, वळून त्याच्याकडं टक लावून बघत होती. तो विषयही तिथंच संपला.

रुपाली मॅडमचा चेहरा पडला. "अरे, आधी सांगायचंस ना, बाळा," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "माझ्या भाच्यालापण हेच आहे. जा. लागेल तितक्या वेळा जा. कुणी अडवणार नाही तुला."

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विश्वास ठेवला होता. रविराजच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पेन ठेवलं, एक पाय बाकाबाहेर टाकला.

"मॅडम," मागून आवाज आला. "मलापण तेच आहे."

शेवटच्या बाकावरचा सुरज उभा होता. पोट धरून. सुरजला दोन प्लेट मिसळ खाऊन वर भजी खाताना रविराजनं कालच बघितलं होतं.

"मॅडम, मलापण. आयबी... तेच ते."

"मॅडम, आमच्या घरात सगळ्यांनाच आहे."

बघता बघता मागचे दोन बाक आजारी पडले. एकानं कळ दाखवायला डावी बाजू धरली, मग शेजाऱ्याचं बघून उजवी धरली. (आजारसुद्धा कॉपी करूनच!) मॅडमचा मऊपणा जागच्या जागी सुकला. त्यांनी टेबलावर डस्टर आपटलं.

"बसा सगळे! शेवटची घंटा होईपर्यंत या वर्गातून कुणीही बाहेर जायचं नाही! कुणीही म्हणजे कुणीही!"

"मॅडम, पण मला खरंच..." रविराज म्हणाला.

"तूसुद्धा! तूच सुरू केलंस हे!"

रविराज बसला. आणि त्याला राग आला. साधा नाही, टाळूपर्यंत गेला. सुरजचा आला, मॅडमचा आला, हौशीराम आप्पांचा, कारखान्याचा, केळ्यांचा, कपबशीचा. त्या रागात त्यानं पेन उचललं आणि अशा त्वेषानं लिहायला लागला, की पुरवणीला दोन ठिकाणी भोकं पडली. पानंच्या पानं भरली. तो इतका चिडला होता की त्याच्या चिडक्या आतड्यांनी घाबरून अंग चोरलं. घंटा झाली तेव्हा सगळे प्रश्न सोडवून झाले होते, आणि रविराजच्या ध्यानात आलं की आपण तीन तास जागचे हललोच नाही. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तो तरंगतच फाटकाबाहेर आला. सणसवाडीची कंपनी गेली खड्ड्यात! तो पास होणार होता!

"कसा गेला?" मारुतराव उठून उभे राहिले.

"अख्खा सोडवला, पप्पा! साठच्या वर पडतील!"

"आन् कितीदा उठलास?"

"एकदाही नाही!" रविराज छाती काढून म्हणाला.

मारुतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी भर रस्त्यात पोराला मिठी मारली. असं त्यांनी तो दहावी पास झाला तेव्हाही केलं नव्हतं. मग डोळे पुसले आणि खिशातून फोन काढला.

"हॅलो, चेअरमन? मारुती बोलतोय. उद्या बूथवर आपल्या पॅनेलचा एजंट म्हनून बसायला मानूस गावत नव्हता न्हवं? गावला! आपला रविराज! आवो, छत्रीवाल्यांचा एजंट जरा मुतायला उठला तरी तेवढ्यात बोगस मतदान व्हतंय. आपलं पोरगं सकाळपास्नं संध्याकाळपतूर जागचं हलत न्हाई बगा! आत्ताच तीन तास बसून आलंय, नुसतं दगडावानी! पोटाचं? छ्या! कशाचं पोट! काय बी झालेलं न्हवतं त्याला!"

रविराजनं तोंड उघडलं. पण तीन तासांचा राग वडिलांच्या मिठीत विरघळून गेला होता, आणि राग उतरला तशी आतडी डोकं वर काढत होती. सकाळपासूनचे सगळे कप एकदमच उठले. त्यानं पाठ फिरवली आणि फाटकाकडं धूम ठोकली.

वॉचमननं फाटक अर्धवट लावून घेतलं. "ओ, पेपर संपला. आता आत जाता येत न्हाई. काय इमर्जन्सी हाय का?"

रविराजच्या तोंडून शब्द फुटायच्या आत मागून मारुतरावांचा खणखणीत आवाज आला.

"न्हाई न्हाई, वॉचमनदादा! लावून घ्या फाटक! एकदम बरा झालाय तो!"